उशीचा भाव

अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडात कापूस चांदीच्या तोऱ्यात विकला जात होता. त्या दिवसांत शेख चांद पिंजारी अकोल्याच्या तुरुंगात आपल्याच नावाच्या दुसऱ्या माणसाची शिक्षा भोगत होता. सुटकेच्या अर्जाला मुद्रांक लागे. ज्याच्याजवळ रुपयाचाही ऐवज नाही, त्याला तो माफ होता.

ऐवज तपासायला कारकून खुशालराव आले. त्यांनी चांदची उशी तोलली.

"दोन शेर कापूस. चांदभाई, आजच्या भावानं तू तं सावकार निघाला. माफी नाही."

"मंग हे इकून मुद्रांक घ्या ना, रावसाहेब."

"कैद्याले सौदा करता येत नाही."

"फेकून देऊ?"

"फेकलेला माल कचेरीत जमा होते. तुह्याच नावानं."

चांदनं उशी उसवली आणि बोटांनीच कापूस पिंजायला बसला. दुपारपर्यंत कापूस इतका हलका झाला, की आपणच उठून गजांतून बाहेर पडला. पहारेकरी पाहत राहिला. तरंगणाऱ्याला अडवायचा हुकूम त्याच्याजवळ नव्हता. मोर्णा नदीवरून पांढरे पुंजके सावकाश निघाले, तेव्हा बाजारातले दलालही भाव सांगायचे विसरले.

संध्याकाळी खुशालरावांनी रिकामी खोळ तोलली आणि अर्जावर 'कंगाल' असं लिहायला घेतलं. तेवढ्यात एक चुकार पुंजका त्यांच्या मिशीवर येऊन बसला. लेखणी थांबली.

"हा कोणाचा?"

"तुमच्या अंगावरचा तुमचाच, रावसाहेब. माह्याजवळ काई नाही."

खुशालरावांनी मिशी न झटकता माफीचा शिक्का मारला.