वस्ती ते विमानतळ, थेट

मी एक बस बोलतेय. कपाळावर 'वस्ती ते विमानतळ, थेट' अशी पाटी मिरवत येते ना, तीच मी. माझ्या रंगाकडे बघू नका, तो इतक्यांदा खरवडून पुन्हा फासलाय की मूळचा कुठला ते मीही विसरलेय. पाटी मात्र जरूर बघा. ती मला सहज मिळालेली नाही.

मी नवीकोरी होते तेव्हा शहराच्या अगदी टोकाला काचेचा एक मोठा कारखाना होता. बाटल्या, बरण्या, दिव्यांच्या काचा, सगळं तिथे व्हायचं. त्याच्याभोवती कामगारांची वस्ती होती आणि त्या वस्तीची गाडी मी. पाळी सुटली की माणसं अशी चढायची की माझ्या चाकांवरच्या कमानींना घाम फुटावा. त्यांच्या एकेक सवयी मला पाठ झाल्या होत्या. एक गृहस्थ बसल्याबसल्या घोरायला लागायचे आणि स्वतःचा थांबा आला की कुणी न उठवता ताडकन उभे राहायचे. दोन जावा घरी एकमेकींशी बोलत नसत, पण माझ्या मागच्या बाकावर त्यांच्या गप्पा संपत नसत. तेव्हाच मला कळलं, माणसांना घराइतकीच घराबाहेरची एखादी जागा लागते.

मला चालवायची ती वहिनी. नाव तिला होतंच, पण अख्खी वस्ती तिला वहिनीच म्हणायची, वयाने मोठे असलेलेसुद्धा. तिचा नवरा कारखान्यात काच फुंकणारा कारागीर. लांब नळीच्या टोकाला तापलेला गोळा घेऊन तो गाल फुगवायचा आणि बघता बघता त्याचा दिवा व्हायचा, असं ती कंडक्टरला मोठ्या कौतुकाने सांगायची. नवऱ्यासमोर मात्र कधी नाही.

पुढे कारखाना बंद पडला. एकदम नाही, आधी एक भट्टी विझली, मग दुसरी, मग फाटकाला साखळी लागली. माझी बाकं रिकामी राहायला लागली. वस्तीतल्या न्हाव्याने दुकान आवरलं, शिंप्याने यंत्र विकलं. ज्यांचे हातपाय चालत होते ते दुसऱ्या गावी निघून गेले. आणि एक दिवस मलाही आगाराच्या मागच्या भिंतीशी नेऊन उभं केलं. चाकांतली हवा हळूहळू गेली. माझ्या आरशामागे एका चिमणीने बिनदिक्कत संसार थाटला. भंगारवाला येऊन माझा पत्रा टकटक वाजवून गेला.

त्याच सुमारास शहराच्या दुसऱ्या टोकाला विमानतळ वाढत होता. नवी धावपट्टी झाली, मालाची गोदामं उठली, हॉटेलं झाली. विमानात जे जेवण मिळतं ते रांधणारं प्रचंड स्वयंपाकघर उभं राहिलं. चादरी धुणारे, सामान चढवणारे, टॅक्सीवाले, फुलं पाठवणारे, सगळ्यांना काम होतं. इतकं काम की माणसं कमी पडत होती. आणि आमच्या वस्तीत माणसं होती, काम नव्हतं. मधे नुसतं एक शहर आडवं पडलेलं.

वहिनीची धाकटी नणंद त्या स्वयंपाकघरात लागली होती. दोन बस बदलायच्या, मग मोठ्या रस्त्यावरून तंगडतोड. पहिली बस चुकली की सगळंच चुकायचं. वारंवार उशीर झाला म्हणून तिला कामावरून काढलं. त्या दिवशी ती आगारात येऊन वहिनीच्या गळ्यात पडली. मी मागे उभी राहून ऐकत होते.

"वहिनी, काम जमत नाही म्हणून काढलं असतं तर एवढं लागलं नसतं गं. मला पोचताच येत नाही!"

वहिनीने तिचे डोळे पुसले आणि तिला तशीच हाताला धरून आगारप्रमुखांच्या खोलीत नेलं. या साहेबांना सगळे 'बघूया साहेब' म्हणत, कारण त्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघत नसे.

"साहेब, वस्तीतून थेट विमानतळाला बस सोडा."

"विमानतळाला?" साहेब हसले. "तुमच्या वस्तीतून विमानाने जाणार कोण?"

"विमानात बसायला नाही हो, तिथे काम करायला!"

"बघूया."

"बघत बसलात तर वस्ती ओसाड होईल. तुम्हाला नवी गाडी द्यायची नसेल, तर मागे उभी आहे ती द्या. नाहीतरी तिला भंगारातच घालताय."

ती म्हणजे मी! साहेबांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं आणि आपलं यात काही जात नाही, असा हिशोब करून एक आठवडा कबूल केला. भरली तर भरली, नाहीतर गाडीही बंद आणि विषयही बंद.

घरी निराळंच चाललं होतं. नवऱ्याच्या भावाने परगावाहून बोलावणं धाडलं होतं. सामानाची बांधाबांध सुरू झाली होती. तो संतापूनच आगारात आला.

"अगं, डबडं आहे हे! याच्या जिवावर तू घर अडवून धरतेस?"

"आठवडाभर अडवते. नाही जमलं तर मुकाट्याने येते तुमच्यामागे."

त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली. माझी समोरची काच तडकलेली होती. तिच्यावर त्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, "ही कुणी बसवली होती? हात मोडले होते का त्याचे?" दुसऱ्या दिवशी तो कारखान्यातल्या दोघा सोबत्यांना घेऊन आला. काच बसली, इंजिन उघडलं गेलं, बाकं ठोकली गेली. चिमणीचं बिऱ्हाड अलगद शेजारच्या झाडावर गेलं. कित्येक महिन्यांनी माझ्या पोटात घरघर झाली आणि आगारातले लोक टाळ्या वाजवायला लागले.

पण आठवड्याची सुरुवात रडतखडतच झाली. लोकांचा विश्वास उडालेला. आले ते मोजकेच, आणि त्यांनाही विमानतळाच्या पहारेकऱ्याने फाटकावर अडवलं. बाहेरची बस कर्मचाऱ्यांच्या फाटकातून आत जाणार नाही, नियम म्हणजे नियम. तिथून आत चालत जाईपर्यंत पुन्हा उशीर. रोज एकदोन माणसं गळू लागली. वहिनी तरीही रोज वेळेवर गाडी काढायची. घरी बोचकी दाराशी येऊन बसली होती.

आठवड्याचा शेवटचा दिवस उजाडला तो दाट धुक्यात. विमानं सगळी जागच्या जागी खिळली. धुकं ओसरल्यावर सगळी एकदम उडणार, आणि स्वयंपाकघरात हात अपुरे. आतल्या मैत्रिणीने नणंदेला फोन केला, "असतील तितक्यांना घेऊन ये. मुख्य आचाऱ्यांनीच सांगितलंय." मग नणंदेने जे केलं ते वस्ती अजून सांगते. पदर खोचला आणि दारोदार कड्या वाजवत सुटली. "उठा! आज ते बोलावताहेत आपल्याला!" कारखान्यात काच तपासणाऱ्या बायका आल्या, पेट्या भरणारे आले, घोरणारे गृहस्थही आले. शेवटी वहिनीचा नवरा बोचकं ओलांडून आला आणि दारात लोंबकळत उभा राहिला. मी पुन्हा भरले! धुक्यातून वहिनीने मला असं नेलं की वाटेत एक खड्डा लागू दिला नाही.

फाटकावर पहारेकरी आडवा. "बाहेरची बस आत नाही."

तेवढ्यात आतून मुख्य आचारी धावत आले. ॲप्रनला पीठ, कपाळाला घाम. "माझी माणसं कुठायत?"

"ही काय, तुमच्या दारात!" वहिनी खिडकीतून ओरडली. "हे आत सोडत नाहीत."

"साहेब, नियम आहे..." पहारेकरी पुटपुटला.

"अहो, विमानं माणसांनी भरून उभी आहेत आणि आत एक ताट नाही. तुमचा नियम वाढू का प्रवाशांना?"

अडसर वर गेला. मी आत शिरले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला वाटलं, मलाही पंख फुटलेत.

त्या दिवशी एकही विमान उपाशी उडालं नाही. संध्याकाळी विमानतळाच्या कचेरीतूनच आगारात फोन गेला, ही बस बंद करू नका, आम्हाला ती हवी. दुसऱ्या सकाळी बघूया साहेब स्वतः चढले. बसायला जागा नव्हती. दांड्याला लटकत, धक्के खात ते विमानतळापर्यंत गेले आणि उतरताना म्हणाले, "ठरलं." तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकून कंडक्टरच्या हातची तिकिटं खाली पडली.

घरी बोचकी सुटली. नणंद पुन्हा कामावर लागली, पुढे तिच्या हाताखाली माणसं आली. वस्तीत पगार आला तसं शिंप्याने नवं यंत्र घेतलं. विमान कंपनीचे गणवेश आता तो शिवतो. न्हाव्याचं दुकान उघडलं. माझ्या जोडीला आणखी बस आल्या. सगळंच गोड झालं असं नाही. घरभाडी वाढली, आणि डोक्यावरून विमान गेलं की शाळेतल्या बाईंना वाक्य अर्धं टाकून थांबावं लागतं. मुलं त्याला 'विमानाचा स्वल्पविराम' म्हणतात. पण शाळेत मुलं आहेत हो! ती गेली असती, तर थांबायलाही कुणी उरलं नसतं.

सगळ्यात मोठी गोष्ट तर पुढेच घडली. वहिनीचा नवरा विमानतळावर सामान चढवायच्या कामाला लागला होता. पेट्या चढवता चढवता त्याच्या लक्षात आलं, की इथून काचेच्या वस्तूही जाऊ शकतात. त्याने सोबत्यांना गोळा केलं आणि बंद कारखान्याच्या कोपऱ्यात एक लहानशी भट्टी पेटवली. त्यांचे दिवे आता विमानाने दूरदेशी जातात. पहिली पेटी माझ्याच मागच्या बाकावरून गेली. वहिनी इतकी जपून चालवत होती, की मागचे टॅक्सीवाले भोंगे वाजवून थकले. तेव्हा मात्र तिने नवऱ्यासमोरच म्हणून टाकलं, "असे दिवे कुणाला जमत नाहीत." तो कानांपर्यंत लाल झाला.

आता मी म्हातारी झालेय. इंजिन खोकतं, चढावर धाप लागते. लवकरच विजेवर धावणारी नवी गाडी माझी पाटी लावेल, आणि तिने ती खुशाल लावावी. माझं मागणं एवढंच. तुम्ही मोठमोठं काही बांधाल, जरूर बांधा. पण त्याच्यापासून सगळ्यात लांब कोण राहतं ते आधी विचारा, आणि तिथवर एक गाडी सोडा. पुढचं माणसं बघून घेतात.

चला, निघायची वेळ झाली. पण वहिनीने पाय ब्रेकवरच ठेवलाय. गल्लीतून एक बाई एका हाताने केस बांधत, दुसऱ्या हाताने डबा सावरत धावत येतेय. आज तिचा कामाचा पहिला दिवस. ये बाई, सावकाश ये. तुला घेतल्याशिवाय मी हलत नाही.