ओल आलेलं घर

थोरलीला एखादं घर पसंत पडणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. गेले कित्येक आठवडे दोघी बहिणी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून परदेशातली भाड्याची घरं बघत होत्या, आणि थोरली एकेका घराला नाक मुरडत होती. कुठे फोटो फारच उजळ, कुठे मालकाचं हसू जास्त, कुठे नकाशातली गल्ली पटत नाही. धाकटी बिचारी प्रत्येक घरात मनाने राहायला जायची, खिडकीत कुंडी ठेवायची, आणि थोरलीच्या एका "छे"बरोबर सामान उचलून बाहेर पडायची.

धाकटीचा मुलगा सहा वर्षांपूर्वी परदेशी नोकरीला गेला, तो एकदाही आला नव्हता. आता आईने आणि मावशीने तीन महिने राहायला यावं म्हणून त्याने धोशा लावला होता. व्हिसा हातात पडला होता आणि त्याची मुदत कुणासाठी थांबणार नव्हती. अडलं होतं ते घरापाशी. मुलगा एका खोलीत राहायचा, त्याच मजल्यावर आणखी तीन सोबती. तिथे दोघी मावणं शक्य नव्हतं आणि तीन महिने हॉटेलात राहण्याइतकं कुणाचं डोकं फिरलं नव्हतं. म्हणून कुणाचं तरी खासगी घर शोधायचं. घर ठरलं की तिकिटं काढायची, असं ठरलेलं.

थोरलीचा जन्म विमा कंपनीत दावे तपासण्यात गेला होता. जळालेली दुकानं, चोरीला गेलेल्या गाड्या, घसरून मोडलेले पाय. त्यातून तिने एक सिद्धांत काढला होता आणि तो ती येताजाता सगळ्यांना ऐकवायची. सगळं जिथे जुळतं, तिथेच पाणी मुरतं. खऱ्या माणसाच्या कागदात एखादी खाडाखोड असतेच, लबाडाची फाईल मात्र इस्त्री केलेली असते.

याच न्यायाने तिने पिवळ्या पडद्यांचं एक छान घर केव्हाच बाद केलं होतं. राहून गेलेल्या सगळ्यांनी त्याचं तोंड भरून कौतुक केलं होतं. "इतकी माणसं एका मताची?" थोरली म्हणाली. "आपल्या बिल्डिंगला जिन्याचा रंग ठरवायला वर्ष लागलं!"

धाकटी तिच्या अगदी उलट. ती नर्स होती, आणि पेशंटचा ताप विचारता विचारता त्याच्या सुनेच्या माहेरापर्यंत पोचायची. नको तिथे नाक खुपसतेस म्हणून मोठ्या सिस्टरने तिला किती वेळा झापलं होतं. पण माणूस दिसला की धाकटीला राहवायचंच नाही.

शेवटी एके दुपारी तिचाही बांध फुटला.

"ताई, तुला जायचंच नाहीये. तसं सरळ सांग ना. घरांना कशाला नावं ठेवतेस?"

"मला जायचं नाही? मी डोळ्यांत तेल घालून बसलेय ती कुणासाठी?"

थोरली फणकारली खरी, पण घाव वर्मी बसला होता. मागे एकदा फोनवर भाचा आईला म्हणाला होता, "आवडलं तर मुक्काम वाढवून घेऊ." ते वाक्य थोरलीच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. नवरा गेल्यापासून ती धाकटीबरोबर राहत होती. धाकटी तिकडेच रमली तर या घरात आपण कुणाशी भांडायचं, हा विचार तिचा पिच्छा सोडत नव्हता. हे ती कुणापाशी बोलली असती तर शपथ.

बोलणं लागलं, म्हणून तिने दुसऱ्याच दिवशी एक घर स्वतःहून पसंत केलं.

"हे बघ. याला म्हणतात खरं घर."

फोटोतल्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओल आली होती. भिंतीवर भला मोठा डाग. नळाला पाणी बारीक येतं, असं मालकाने आपणहून लिहिलं होतं, आणि पाइप रात्री आवाज करतो अशी एका पाहुण्याची तक्रारही होती. थोरलीचा चेहरा उजळला. "स्वतःच्या घराची खोड सांगणारा माणूस लबाड नसतो. लिहून घे."

त्या साइटवर दोन्हीकडची भाषा आपोआप बदलून यायची, त्यामुळे मालक सरकारी नोटिशीसारखा बोलायचा. 'आदरणीय अतिथी, निवासस्थान आपल्या प्रतीक्षेत आहे.' भाच्याला बघायला पाठवू का, असं विचारलं, तर उत्तर आलं की सध्या आत पाहुणे आहेत, त्यांच्या खासगीपणाचा भंग होईल. "बघ, पाहुण्यांची किती काळजी!" थोरली म्हणाली. मग त्याने सुचवलं की साइट मधल्यामध्ये दलाली खाते, तेव्हा अनामत रक्कम थेट बँकेत पाठवा, दुसरं एक कुटुंब मागे लागलं आहे. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर थोरलीने लॅपटॉपच बंद केला असता. पण डाग दाखवणारा माणूस! तिने बँकेचं पान उघडलं.

"थांब गं जरा," धाकटी म्हणाली. ती मघापासून फोटो मोठा करून बघत होती. "या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत बघ. मुलाची उंची मोजलीय कुणीतरी. सगळ्यात वरची रेघ पार वर गेलीय. एवढा उंच कोण असेल?"

"तुला काय करायचंय?"

"काही नाही. विचारते आपली."

आणि तिने विचारलं. तुमच्या घरातलं हे उंच मूल कोण, आता कुठे असतं? उत्तर आलं, 'आदरणीय अतिथी, रक्कम त्वरित पाठवावी.' धाकटीने पुन्हा विचारलं. 'निवासस्थान हातचे जाईल.' तिसऱ्यांदा विचारल्यावर मालक चिडला. 'येथे कोणतेही मूल नाही व कधीही नव्हते.'

धाकटी मागे टेकून बसली. "ताई, हा त्या स्वयंपाकघरात कधी उभाच राहिलेला नाही."

"अगं, विसरला असेल."

"दारातून येता-जाता रोज दिसणाऱ्या रेघा? आणि नाही म्हणून ठणकावून सांगतोय. वॉर्डात नाही का, पेशंटचा सख्खा भाऊ म्हणून यायचे आणि पेशंटला चहात साखर किती ते ठाऊक नसायचं!"

थोरलीला पटत नव्हतं, पण बँकेच्या पानावरचा तिचा हात थांबला. भाच्याला फोन लावला. फोटोवरून फोटो कसा शोधायचा हे त्याला येत होतं. पाच मिनिटांत तो हसतच परत फोनवर आला. तेच स्वयंपाकघर आणखी तीन शहरांत भाड्याने होतं. प्रत्येक ठिकाणी मालक वेगळा, ओल मात्र तीच. मूळ फोटो घर विकायच्या एका जुन्या जाहिरातीतले निघाले.

"मावशी, तू कशी काय फसत होतीस?"

थोरलीने बँकेचं पान बंद केलं. घर खरं होतं, डागही खरा होता, फक्त माणूस खोटा होता, आणि नळाच्या, पाइपच्या तक्रारीही त्यानेच रचलेल्या. चोराने चांगल्याबरोबर वाईटही उचलून आणलं होतं, आणि ती नेमकी त्या वाइटावरच भाळली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं ती आयुष्यभर लोकांना म्हणत आली होती. तिला मनापासून लाज वाटली. साइटला त्या घराची तक्रार मात्र तिने स्वतः लिहिली, आणि चांगली झणझणीत लिहिली.

"आता तू शोध," ती धाकटीला म्हणाली. "मी बघते फक्त."

धाकटीने पिवळ्या पडद्यांचं घर पुन्हा उघडलं. बाल्कनीच्या फोटोत एकच खुर्ची होती. तिने मालकिणीला विचारलं, एकच का?

उत्तर मावता मावेना. मालकीण पूर्वी बस चालवायची. दुसरी खुर्ची होती, पण मांजराने तिच्यावर घाण केली म्हणून रागाच्या भरात तिने ती खाली भिरकावली, नशिबाने खाली कुणी नव्हतं. खुर्ची गेली, मांजर आहे. मांजर चालेल ना? आणि तुमच्यापैकी सकाळी लवकर उठतं कोण, कारण खालचा बेकरीवाला पहाटेच शटर उघडतो. मुलाला बघायला खुशाल पाठवा, पैसे मात्र साइटवरूनच भरा, मागे एका पाहुण्याने मला बाहेरून देतो म्हणून टोपी घातली होती.

"हे सगळं लिहायची काय गरज होती तिला?" थोरलीने विचारलं.

"गरज नव्हती. म्हणूनच तर!" धाकटी खूश होऊन म्हणाली.

भाचा सुटीच्या दिवशी तिथे गेला आणि आतूनच त्याने व्हिडिओ कॉल लावला. थोरलीने शेवटची हौस भागवून घेतली. नळ सोडून दाखव, दाराला आतून कडी लागते का बघ, खिडकीतून रस्त्याचं नाव दिसतंय का सांग. भाच्याच्या मागे मालकीण हात कमरेवर ठेवून उभी होती. धिप्पाड बाई, कडेवर मांजर. तिने भाच्याला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय रे?" धाकटीला दम कुठला.

"विचारतेय, मुलगा इथेच राहतो तर आईला वेगळं घर कशाला?" भाचा हसला. "मी सांगितलं तिला. मी तर आईला केव्हाच म्हटलं होतं, तू एकटी ये, माझ्या खोलीत राहा, मी सोबत्यांकडे झोपेन. मागच्या वर्षीही म्हटलं, त्याच्या आदल्या वर्षीही. तीच येत नाही. म्हणते, ताईला एकटीला सोडून मी कुठे जात नाही."

"गप रे तू," धाकटी म्हणाली. "कुठेही काहीही बोलतोस."

थोरलीने बहिणीकडे पाहिलं. सहा वर्षं मुलाचं तोंड न पाहिलेली ही बाई, दोनदा चालून आलेली संधी सोडून इथे जेवणाच्या टेबलाशी बसली होती, आणि आपल्याला पत्ताच नव्हता. माणसामाणसाच्या चौकश्या करणाऱ्या धाकटीला आपण साधं एवढंही कधी विचारलं नव्हतं, की मुलाकडे का गेली नाहीस.

"सांगितलं का नाहीस मला?"

"काय सांगायचं त्यात? तू एकतर जा जा म्हणून मागे लागली असतीस, नाहीतर रडत बसली असतीस."

"अगं मावशी," फोनमधून भाचा ओरडला, "घराचं काय? मालकीण विचारतेय, कधीपर्यंत हवंय?"

थोरलीने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. येण्याची तारीख भरली. पुढचा चौकोन रिकामा ठेवून तिने लॅपटॉप धाकटीपुढे सरकवला.

"परत निघायची तारीख तू टाक. तुला पाहिजे ती."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने चष्मा लावला आणि हळूहळू, एकेक आकडा दाबत, तारीख टाकली. थोरलीने ती वाचली नाही. डोळ्यांत पाणी होतं म्हणून असेल, पण वाचली नाही, आणि बुकिंगचं बटण दाबून टाकलं.