टिकलीखालचा दिवा

टिकली अजून तिथंच होती. स्टिअरिंगच्या मागं, काट्यांवरच्या काचेवर, मरून रंगाची, मसुराच्या डाळीएवढी – आणि तिच्या कडेनं पिवळा उजेड झिरपत होता, बंद दाराच्या फटीतून झिरपतो तसा. टिकलीखाली इंजिनाचा दिवा होता. तो दिसत नाही म्हणजे तो नाही, असं रत्नपाल गेले अठरा दिवस धरून चालला होता, आणि टिकली काही त्यानं लावली नव्हती, त्यामुळं त्यात आपली काही चूक आहे असंही त्याला वाटत नव्हतं...

लावली होती आईनं, पद्माबाईनं. गाडी दारात येऊन तीन दिवस झाले होते, तिला पुढं बसवून तो कुरुंद्यात चक्कर मारत होता, आणि पाण्याच्या टाकीजवळ तो दिवा लागला. ते पिवळं काय रे, म्हणून तिनं विचारलं. काही नाही माय, ते असंच असतं, म्हणून त्यानं सांगितलं. असंच असतं! किती सहज निघतं हे तोंडातून. तिनं थोडा वेळ त्या दिव्याकडं बघितलं.

"मग ते सारखं तुझ्याकडं डोळे वटारून काहून बघून राह्यलं?"

आणि कपाळावरची टिकली काढून तिनं ती बराबर त्याच्यावर चिकटवली, अंगठ्यानं दाबली. आता बघ म्हणावं. तो इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली. मग दुकानात येईल त्याला तो हे सांगत सुटला – त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान, दिवसभर माणसं येणार – आणि सांगता सांगता टिकलीची गोष्ट मोठी होत गेली, खालचा दिवा लहान होत गेला.

आज ते पुसेगावला निघाले होते, दीक्षाकडं. बहिणीच्या लेकीचा पहिला वाढदिवस. मागच्या सीटवर केकचा डबा, आणि आईनं बांधून घेतलेलं असं काय काय, त्यात मेथीच्या दोन जुड्याही, जशी काही पुसेगावात मेथी मिळतच नाही. बाप, शेषराव, मात्र पहाटेच्याच एसटीनं पुढं गेले होते. गाडीत बसायला त्यांनी पहिल्यापासून नकार दिला होता, रागानं नाही, अगदी शांतपणे, शेळीच्या गळ्यातली दोरी सोडता सोडता – "घरात एक खोकणारी व्हतीच. तिला जोडीदारीण आणली पोरानं."

खोकणारी. हा शब्द बापानं गाडीसाठी वापरला की... तेव्हा सगळे हसले होते. आईच सगळ्यात जास्त हसली, आणि हसता हसता खोकली, आणि मग परत सगळे हसले.

गाडी खोकत होती हे मात्र खरं. सपाटीला ठीक, पण जरा चढ लागला की छातीत काही अडकल्यासारखी खर्र करायची, एक हिसका द्यायची, मग दम धरून पुढं. रत्नपालनं फोनवर बघून बघून सगळं शिकून घेतलं होतं, गाडी चालवायलाही तो तसाच शिकला. प्लग बदलले. पेट्रोलमध्ये टाकायची बाटली आणून टाकली. सकाळी इंजिन थंड असताना किती वेळा खोकते, दुपारी किती, हे त्यानं एका वहीत लिहून ठेवलं होतं. वहीत! आणि शेजारी बसलेली आई मधूनच तोंड खिडकीकडं करून, पदर लावून, हळूच... तिचं आणि गाडीचं असं काही जमलं होतं की एकीच्या आवाजाखाली दुसरीचा आवाज निघून जायचा. तो काच खाली करायचा. धूळ फार हाय ना, म्हणायची ती. तोही म्हणायचा, व्हय, धूळ फार हाय.

औंढ्याच्या अलीकडच्या चढावर गाडी बसली. बसली म्हणजे तीन हिसके दिले, एक लांब उसासा सोडला आणि गप्प. मागं सरकायला लागली तसा त्यानं हँडब्रेक ओढला, आणि तो काही करायच्या आत पद्माबाई दार उघडून खाली उतरली होती आणि कुठून तरी एक धोंडा उचलून मागच्या चाकाला लावतही होती. साडीचा काठ खोचलेला. तिला काय कुणी शिकवलं होतं? ती उभी राहिली, एक हात गाडीच्या टपावर ठेवून, आणि दम घ्यायला लागली. धोंडा काही मोठा नव्हता.

त्यानं ते बघितलं. बघितलं आणि बोनेट उघडलं.

एक दुधवाला थांबला, म्हणाला चढ संपला की डाव्या अंगाला भीमराज मिस्त्रीचं शेड आहे, थंड होऊ द्या, पहिल्या गियरमध्ये जाईल. गेली. कशीबशी, खोकत, मागं काळा धूर सोडत.

भीमराज त्याच्याच वयाचा असेल. लिंबाखाली पत्र्याचं शेड, बाहेर टांगलेलं टायर, आणि एक उलटा केलेला डबा, त्यावर त्यानं आईला बसवलं, माठातलं पाणी दिलं. मग बोनेटवर हात ठेवून, डोळे मिटून, नुसता ऐकत उभा राहिला. रत्नपालला ते फार आवडलं. इतका वेळ कुणी काही ऐकत नाही आजकाल. मग त्यानं विचारायला सुरुवात केली. कधीपासून? अठरा दिवस. सकाळी जास्त का दुपारी? सकाळी, थंड असताना, चार-पाच वेळा. वही दाखवू का? चढावर? हो, चढावर तर फारच. आधी कुणाला दाखवली? नाही... म्हणजे, मीच बघत होतो. भीमराज हसला नाही. एकेक उत्तर घेऊन मान हलवत राहिला, आणि एकेक बरोबर उत्तर देताना रत्नपालला शाळेत पाढे म्हणताना वाटायचं तसं वाटत होतं – सगळं येतंय आपल्याला, एकही चुकलं नाही...

मागं आई खोकली. पाणी पिता पिता, दोनदा, मग तिसऱ्यांदा लांब.

"आन मावशीला कवापासून हाय?" भीमराजनं स्क्रू सोडवता सोडवता विचारलं. सहज, त्याच ओघात.

रत्नपालनं तोंड उघडलं. अठरा दिवस, असं येऊन राहिलं होतं जिभेवर. ते गाडीचं. आईचं... पावसाळ्यात होता का? दीक्षाच्या बाळंतपणात होता का? होता बहुतेक. त्याच्याआधी? वहीत काही नव्हतं.

"झाले काही दिवस," तो म्हणाला.

भीमराजनं एक काळा चौकोनी डबा उघडला, त्यातून हवेची जाळी बाहेर काढली, आणि तसाच थांबला. जाळी पिवळी होती. मळकी नाही, धुळीची नाही – पिवळीधमक, घडीघडीत पिवळं भरलेलं.

"भाऊ," तो म्हणाला, "तुमच्याआधीच हळद लागली की हिला."

आता त्याला आठवलं, ज्या प्रेमसिंगकडून गाडी घेतली तो हळदीच्या धंद्यात होता, मागची सीट पाडून पोती न्यायचा, गाडी उभी असायची ती पॉलिशच्या ढोलाजवळ. हे सगळं त्यानं हसत हसत सांगितलंही होतं. रत्नपालला त्याचा राग येईना. पद्माबाई उठून जवळ आली होती. तिनं बोटाला चिमूटभर लावून घेतलं, नाकाशी नेलं.

"सेलम हळद हाय," ती म्हणाली. "दळलेली न्हाई. पॉलिशचा धुरळा हाय ह्यो."

भीमराज तिच्याकडं बघतच राहिला. मावशी, तुमी तर डॉक्टर निघालात, असं काही म्हणाला, आणि आईचा चेहरा असा फुलला... बारा हंगाम तिनं ढोलावर काढले होते. ढोल फिरायचा, आतल्या हळकुंडांची सालं निघायची, आणि पिवळा धुरळा उठायचा तो संध्याकाळपर्यंत खाली बसायचा नाही. ती घरी यायची तेव्हा भुवया पिवळ्या, पापण्या पिवळ्या, कानाच्या पाळ्या पिवळ्या. लहानपणी त्याला वाटायचं आई रोज नवरी होऊन येते. तिनं तोंडाला बांधलेलं फडकं सोडलं की नाकातोंडाची तेवढी जागा सावळी, तिची, स्वच्छ, आणि त्या जागेवर तो तोंड घासायचा, मुका घ्यायचा, कारण बाकीची आई कडू लागायची... त्या वासावरच तो मोठा झाला, बारावी झाला, कॉम्प्युटर शिकला. आजही हळदीचा वास आला की त्याला भूक लागते.

भीमराजनं जाळी टायरवर आपटली. पिवळा ढग उठला, आणि पद्माबाईचा हात, तिच्याही आधी, पदर घेऊन नाकावर गेला. बारा हंगामांची सवय. तरी खोकला आलाच. या वेळी ती लिंबामागं गेली, आणि तिकडून जो आवाज आला तो त्यानं याआधी कधी नीट ऐकला नव्हता – खर्र, मग हिसका, मग दम धरणं.

"ही जाळी नसती तर समदं आत गेलं असतं," भीमराज म्हणत होता. "इंजिन बचावलं बघा."

जाळी. आईला काय होतं? जुन्या लुगड्याचं फडकं...

हवा मारून जाळी साफ केली, परत बसवली. नवीन हिंगोलीत घ्या म्हणाला. दिवा आता दहा-वीस किलोमीटरमध्ये आपोआप जायला पाहिजे, नाहीच गेला तर परत आणा. आणि टिकली दिसली तशी तो पहिल्यांदा मोकळा हसला, ही कुणाची आयडिया म्हणाला. मी लावली, आईनं सांगितलं. लेकराला तकलीफ देऊन राह्यला व्हता.

गाडी निघाली तेव्हा रत्नपालला वाटलं इंजिन चालूच झालं नाही. इतकं गुपचूप. चढ आला आणि गेला. औंढा गेलं. शेतं दोन्ही बाजूंनी अशी मऊ मागं सरकत होती, काच वर होती, आणि गाडीत इतकी शांतता होती की मागच्या सीटवरची पिशवी हललेली ऐकू येत होती. आणि त्या शांततेत आई खोकली.

आता तिच्या खोकल्यावर पांघरूण घालायला काही नव्हतं. तिलाही ते कळलं असावं. कारण पुढचा खोकला तिनं दाबला, आणि दाबलेला तर जास्तच ऐकू आला.

समोरच्या कप्प्यात गाडीची कागदं होती आणि त्यांच्यात घडी घातलेला एक कागद. दोन महिन्यांपूर्वी विहारात आरोग्य शिबिर झालं, तेव्हाचा. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढून आणायला लिहून दिलं होतं. आई म्हणाली होती, छातीचा काहून, तोंडाचा काढा, भिंतीला तरी लावता येईल. सगळा विहार हसला. तो पण हसला, आणि त्या हसण्याखाली त्याला एकदम भिंतीवरचा फोटो दिसला, हार घातलेला... आणि त्यानं कागदाची घडी घातली. अजून एक घडी. गाडी आल्यावर कप्प्यात ठेवला – कामाच्या कागदात, म्हणजे हरवणार नाही. हिंगोलीला जाऊ तेव्हा बघू.

हिंगोली आली होती. पुढच्या चौकातून एक रस्ता दवाखान्याकडं, एक पुसेगावकडं.

शिबिरात सगळ्यांचे फॉर्म त्यानंच भरले होते. पटापट, साठ-सत्तर. आईचाही. नाव, वय, गाव – तिला विचारायची गरज काय, सगळं तोंडपाठ. आणि एक रकाना होता, पूर्वीचा त्रास किंवा आजार असल्यास. तिथं त्यानं लिहिलं होतं, वळणदार अक्षरात, रोज पन्नास फॉर्मांवर लिहितो तोच शब्द – निरंक.

मी लिहिलं. ती समोर उभी होती, आणि मी लिहिलं.

चौकाच्या अलीकडं त्यानं गाडी कडेला घेतली. चावी फिरवून बंद केली.

"काहून बंद केली? चांगली चालून राह्यली व्हती की."

"माय," तो म्हणाला, आणि पुढचं भीमराजच्याच आवाजात आलं, "कवापासून हाय?"

तिला वाटलं गाडीचं. मग त्याच्याकडं बघून कळलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"तू दुकान टाकलं ना, त्याच्या आदल्या हंगामापासून."

तीन वर्षं. "चढावर व्हतं?"

"चढावर व्हतंच. निजल्यावर जास्त. उशी उंच घेतली की जरा बरं वाटतं."

उशी. ती त्याची जुनी उशीसुद्धा आपल्या उशीखाली घेऊन झोपते, हे त्याला माहीत होतं. त्याला वाटायचं, मायाच ती.

"मग त्या दिवशी सांगितलं काहून न्हाई? मी फॉर्म भरत होतो तवा?"

पद्माबाईनं विचार केला. खरंच केला, उत्तर शोधत होती ती.

"तू एकच शबूद लिहिला," ती म्हणाली. "मला काय वाचता येतंय. म्हणलं, एवढ्यात मावलं असंल माझं समदं."

एक एसटी गेली, गाडी हलली. रत्नपालला रडावंसं वाटलं नाही, ते नंतर वाटेल. त्याला फक्त विचारत राहावंसं वाटत होतं – सकाळी किती वेळा, खोकल्यातून पिवळं पडतं का, रात्री उठून बसतेस का, कोणत्या कुशीवर झोपलीस की बरं वाटतं... तिला असं किती वर्षांत कुणी विचारलं नसेल, आणि ती सांगत होती, आधी लाजत, मग चांगली रंगात येऊन, मधेच ढोलावरच्या बायांच्या गमती, मधेच दीक्षाच्या सासूचं, आणि तो ऐकत होता, डोळे न मिटता.

"चल आता," ती म्हणाली शेवटी. "लेकरू वाट बघत असंल. केक इरघळंल."

त्यानं हात पुढं केला आणि नखानं टिकली सोडवली. तिच्या कपाळावर लावली. डिंक वाळला होता, बसेना. त्यानं अंगठ्यानं दाबून धरली, बराच वेळ. तीही लहान पोरीसारखी मान वर करून तशीच बसली. टिकली थोडी तिरकीच बसली. तिरकी राहू दिली त्यानं. दुसऱ्या हातानं चावी फिरवली, इंजिन चालू झालं. आवाज नाही.

चौक समोर होता. तो तिच्या कपाळाकडंच बघत होता, आणि काट्यांमधला दिवा लागलेला आहे की गेला, ते बघायचं राहूनच गेलं.