एकतिसावा पाठ

वैशाखाच्या उतरत्या उन्हात सडा तांबूस तापला होता. जांभ्या दगडाचा तो विस्तीर्ण, वृक्षहीन माथा. त्यावर वाळून करकरीत झालेल्या गवताचे पिवळे पुंजके, कडेला करवंदीच्या काळ्याभोर जाळ्या, आणि दूर, फार दूर, वितळत्या रुप्याच्या रेघेसारखा समुद्र.

खाली आडवण गावात, माडांच्या हिरव्या सावलीत, फोनला रेंज नव्हती. रेंज होती ती इथे, या उघड्या, निःशब्द माथ्यावर. म्हणून, मधला एक खंड सोडला तर, गेले सात महिने हेमांगी सकाळची कामं उरकून इथे चढून येई. एखादं व्रत पाळावं तशी, आणि एखादं पाप लपवावं तशीही.

ती आपल्या लेकीची भाषा शिकत होती.

लेक शाल्मली. तेरा वर्षांची, गहिऱ्या डोळ्यांची, जन्मापासून कर्णबधिर. ती तीन वर्षांची असताना शहरातल्या एका तज्ज्ञाने बजावलं होतं, "हातवारे करू देऊ नका. हात बोलायला लागले की जीभ आळशी होते." हेमांगीने ते वेदवाक्य मानलं. ओढणीने ती त्या इवल्या मनगटांना गाठ मारी आणि समोर भरलेला पेला ठेवून म्हणे, "म्हण, पाणी. पा-णी." तहानलेलं लेकरू आईच्या ओठांकडे टक लावून बघत राही. शब्द आला नाही. डोळे तेवढे भरून आले, दिवसामागून दिवस, वर्षामागून वर्ष.

आठव्या वर्षी शाल्मली कोल्हापूरच्या निवासी शाळेत गेली. तिथे, तिच्यासारख्याच मुलींच्या घोळक्यात, तिचे हात सुटले, पालवले, मोहरले. पण सुट्टीत घरी आली की आईसमोर तेच हात मांडीवर निपचित पडत. ते पाहिलं की हेमांगीच्या काळजात काहीतरी कुसळासारखं सलत राही.

मग फोनवर तो वर्ग सापडला. खुणांची भाषा, साठ पाठ, सर्वांना खुला, विनामूल्य. शिकवणाऱ्या बाई स्वतः कर्णबधिर. हजारो माणसं त्या वर्गात आली होती. त्या दाराला कडी नव्हती, कुलूप नव्हतं. इतकी वर्षं कुठे होतीस, असं तिला तिथे कुणी विचारलं नाही. पहिल्या दिवशी 'झाड' हा शब्द तिच्या हातातून उगवला, आणि सड्यावर एकटीच बसून ती हसली आणि रडली.

पण बाई तिला दिसत होत्या, बाईंना ती दिसत नव्हती. हात चुकला तर धरणारं कुणी नव्हतं. बाराव्या पाठाखाली तिने भीत भीत लिहिलं, 'मुलगी तेरा वर्षांची आहे. फार उशीर झाला का?' अकरा अनोळखी माणसांनी त्याखाली पसंतीचे अंगठे उमटवले. उत्तर एकानेही दिलं नाही. पुढे दोन महिने ती सडा चढली नाही. मग एका सकाळी, स्वतःचीच लाज वाटून, पुन्हा चढली.

आता सुट्टी लागली होती. शाल्मली रोज संध्याकाळी फोन घेऊन सड्यावर येई. शाळेतली मैत्रीण निलोफर दगडाला टेकवलेल्या पडद्यावर उमटे, आणि दोघींच्या हातांची नुसती झुंबड उडे. त्या दिवशी हेमांगी तिला जेवायला बोलवायला वर आली आणि लेकीच्या अगदी जवळच्या करवंदीच्या जाळीशी थबकली. निलोफरचा प्रश्न तिला कळला. चक्क कळला! 'घरी कोण आहे?'

शाल्मलीने एक मनगट दुसऱ्यावर ठेवलं, आणि आवळलं.

एकतिसावा पाठ. बांधणे.

क्षणभर हेमांगीला वाटलं, आपलंच काही चुकतंय. पण निलोफरने मान डोलावली. एखादं जुनं, ओळखीचं नाव ऐकावं तशी. खुणांच्या भाषेत माणसाचं नावही एक खूणच असते. साऱ्या वसतिगृहात, पाच वर्षं, शाल्मलीच्या आईचं नाव तेच होतं. बांधणारी.

भाषा शिकली म्हणजे माया कळेल, असं तिला वाटलं होतं. भाषेने आधी तिला तिचं नाव सांगितलं.

ती पुढे झाली. शाल्मली दचकली. हेमांगीचे हात वर आले. 'ते नाव माझं?'

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. 'तुला कळतं?'

'थोडं.'

'कुणी शिकवलं?'

हेमांगीने फोनकडे बोट दाखवलं. मग इतके दिवस घोटलेला शब्द तिने हातांनी उच्चारला. माफ कर. शाल्मली नुसती बघत राहिली. तिने पुन्हा केला. पुन्हा. लेकीच्या कपाळाला आठी पडली. 'काय म्हणतेस? कळत नाही.'

पडद्यातल्या बाईंना समोरून पाहून पाहून तिने तळव्याची दिशाच उलटी गिरवली होती. जन्मभराची क्षमा मागायची, आणि शब्दच अशुद्ध. तिचे हात गळाले. "चुकले गं बाय," ती तोंडाने पुटपुटली, ज्या भाषेत लेकीला ते कधीच ऐकू येणार नव्हतं.

मग शाल्मली उठली. तिने आईचा हात धरला, तळवा फिरवला, एकेक बोट सावकाश सरळ केलं. शब्द पुरा होता होता तिला कळलं, आपण आईला काय म्हणायला शिकवतोय. तिचे हात थांबले. पण हात तिने सोडला नाही.

हेमांगीने तो शब्द पुन्हा केला. शुद्ध, संथ, पूर्ण. शाल्मलीने तो शेवटपर्यंत पाहिला.

मग हेमांगीने विचारलं, 'नाव बदलशील?'

'मी एकटी नाही बदलू शकत. ते सगळ्यांनी ठेवलंय.'

पडद्यावर निलोफर अजून होती. तिने सगळं पाहिलं होतं. शाल्मलीने कुर्त्याच्या टोकाने फोनची काच पुसली, तो दोन्ही हातांत घट्ट, स्थिर धरला, आणि आईकडे वळवला. हनुवटीनेच खूण केली. बोल. तूच बोल तिच्याशी.

आणि त्या तांबड्या, तापल्या, निःशब्द माथ्यावर, गावाकडे पाठ आणि समुद्राकडे तोंड करून, एक बाई आपले दोन रिकामे हात हळूहळू वर उचलू लागली. सूर्य पाण्याला टेकला होता. अजून उजेड होता. अजून बोलता येत होतं.