हिवराई वाड्यावर गेली

आप्पासो जत्रा कमिटीचा अध्यक्ष झाला आन् त्याचं पाय भुईला लागंनात. आटपाडीच्या अंगाला आमचं गाव, बिरोबाचं देऊळ, आन् देवळात ढोलावर ओवी गायचा मान आमच्या घराचा. आधी सासरा गायचा, आता आमचं मालक गात्यात, केरबा. त्यो मान गेला तर आमच्यात उरतंय काय?

ओवी हिवराईची. मेंढक्याची पोर, तिच्या घोंगड्यात पाऊस बांधलेला. राजा सांगावा धाडतो, दीस मावळायच्या आत माझ्या वाड्यावर ये, न्हाईतर तुझ्या मेंढरांचं पाणी तोडतो. ती जात न्हाई. घोंगडं झाडती आन् मेंढरं घिऊन वाटंला लागती. ल्हानपणी ही ओवी ऐकून मला वाटायचं, आपुन बी असंच ताठ चालायचं.

औंदा आप्पासोनं दोन मजली बंगला बांधला, नाव ठिवलं 'राजवाडा'. मग त्याला साक्षात्कार झाला, ओवीतला राजा म्हंजी त्याचाच पूर्वज. आता पूर्वजाचं हसं कसं हू द्यायचं? जत्रंच्या दुपारी मालक ढोलाच्या दोऱ्या आवळत हुते, तवा हा आला.

"केरबा, आज हिवराई वाड्यावर गेली असं म्हनायचं. न्हाईतर ढोल खाली ठिव, पुढच्या साली दुसरा गाईल."

मालक दोऱ्या आवळतच ऱ्हायले. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यास्नी बाजूला घिऊन सांगितलं, हिवराईला वाकवली तर माझ्या हातची भाकर इसरा. त्यांनी ढोल खांद्याला अडकवला. गातुया लय, बोलतुया कमी, असला मानूस.

ढोल घुमाय लागला. आप्पासो फेटा बांधून पुढं, शेजारी खुर्चीत त्याची म्हातारी आई, धोंडुबाई. मालकानं कानावर हात ठिवला.

"दीस कलला गं, हिवराई वाड्यावर गेली..."

मागच्या गड्यांनी ओळ उचलली, पर दबकत. आप्पासोनं भंडारा उधळला. माझ्या डोळ्याला पाणीच आलं. ह्या बाबानं इकली आमची हिवराई, म्हनलं.

तवर पुढची ओळ आली.

"जाळी सोडून तिनं मेंढरं मोकळी केली,
दारात बसून राजानं रात जागून काढली."

आगं बाई! आमच्यात वाडा म्हंजी रानात मेंढरं बसवायची जागा, भवतीनं जाळी लावलेली. हिवराई गेली ती तिच्या वाड्यावर. आन् मी, मेंढरामागं जलम काढलेली बया, त्या बंगल्यापायी आपलाच वाडा इसरले हुते. मानसं खदाखदा हसाय लागली.

आप्पासो लालबुंद झाला. "ढोल बंद कर," म्हनला, "आजपास्नं तुझा मान संपला. मी माझ्या वाड्याचं सांगितलं हुतं, ह्यो जाळीचा कसला वाडा?"

ढोल थांबला. मालकानं खांद्यावरनं दोरी काढाय घेतली.

धोंडुबाई काठी टेकत उठली. मूठभर भंडारा ढोलावर टाकला आन् लेकाकडं वळली.

"त्याच वाड्यात जलमलास तू, आप्पा. कोकरासंगट एका घोंगड्यात निजवला हुता तुला."

आप्पासोनं खाली बघितलं. म्हातारी मालकाला म्हनली, "गा रं पुढं."