ज्याच्याकडे चेंडू नसतो

मित्रांनो, मी लाल आहे, माणसाएवढा उंच आहे आणि मला हातही नाहीत, पायही नाहीत. पोटात सगळा फोम भरलेला. लोक लांबून धावत येतात, खांद्याने मला धडक देतात, कवेत धरून चिखलात आडवं पाडतात आणि मग पुन्हा उभं करतात. इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलजवळच्या एका युनिव्हर्सिटीत अमेरिकन फुटबॉलची टीम आहे. चेंडू अंड्यासारखा असतो आणि खेळाडू हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात, तो खेळ. त्या टीमचा मी जुना टॅकल डमी.

उत्तरेकडच्या एका कारखान्यात माझी कातडी कापली गेली आणि जाड दोऱ्याने दुहेरी शिवली गेली. व्हॅनमधून मला इथे उतरवलं तेव्हा टीमकडे दुसरं काहीच नव्हतं. कोच हेलन मला बघून इतक्या खूश झाल्या, की त्यांनीच पहिली धडक मारली. हेलन बचावाच्या कोच होत्या. समोरच्या टीमला पुढे येऊ न देणं हे ज्यांचं काम, ते सगळे खेळाडू त्यांच्या ताब्यात. त्या नव्या मुलांना माझ्यापुढे उभं करून म्हणायच्या, "याच्याकडून शिका. हा कधी जागा सोडत नाही." ते ऐकून माझा फोम फुलून यायचा.

त्या मुलांमध्ये एक होता कुश. बेसिंगस्टोकला जन्मलेला, आईवडील नागपूरचे. अंगाने रुंद, पळायला बेताचा, पण धडक अशी मारायचा की मी दोन कोलांट्या खायचो. ट्रेनिंग संपल्यावर बाकीचे बस पकडायला धावायचे आणि कुश माझ्यापाशी थांबायचा. आणखी चार धडका मारायचा, मग माझ्या अंगावर टेकून पाणी प्यायचा. मी त्याचा होतो आणि तो माझा, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

पुढच्या वर्षी विहान आला. तो शाळेत असताना पुण्याहून आईवडिलांबरोबर ब्रॅकनेलला आलेला. सडपातळ, वाऱ्यासारखा पळणारा. तो डाव्या कडेला खेळायचा आणि पळणाऱ्याला गाठून मैदानाबाहेर ढकलायचा. लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. विद्यार्थ्यांच्या वेबसाइटवर त्याचे फोटो यायचे. कुशने दिवसभर मधल्या गर्दीत दणके खाल्लेले असायचे आणि फोटोत त्याचा फार तर एक बूट दिसायचा. विहानचं नाव निघालं की कुशचा चेहरा कसा आखडायचा, ते मी अगदी जवळून पाहिलं आहे.

मला तेव्हा त्याचं हसू यायचं. मग एके दिवशी रिंग आली.

रिंग म्हणजे निळ्या फोमचं एक प्रचंड चाक. कोणीतरी ते ढकलायचं, ते घरंगळत सुटायचं आणि मुलांनी मागे धावून त्याला मिठी मारून पाडायचं. ती आली तेव्हा सगळ्या टीमने तिच्याभोवती घोळका केला. मुलींच्या हॉकी टीमनेसुद्धा येऊन तिच्याबरोबर सेल्फी काढले. माझ्याबरोबर कधी कोणी सेल्फी काढला नव्हता. हेलन म्हणाल्या, "दक्षिण लंडनची टीम फार वेगाने खेळते. आपल्याला पळणारं काहीतरी हवं होतं. हा बिचारा नुसता उभा राहतो."

ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं माझं कौतुक झालं, तीच आता माझी उणीव ठरली होती!

मला उचलून मैदानाच्या कडेच्या लोखंडी कंटेनरमध्ये टाकलं. दार पूर्ण लागायचं नाही. फटीतून मला ती निळी रिंग हिरवळीवर डौलात घरंगळताना दिसायची आणि तिच्यामागे धावणारा कुशही दिसायचा. हसत, ओरडत धावणारा. माझ्या पोटात कसं दुखलं म्हणून सांगू! रिंग चिखलात रुतावी, एखाद्या खिळ्यावरून जावी, तिचा फोम फाटून वाऱ्यावर उडावा, असं मला रोज वाटायचं. तिने माझं काही वाकडं केलं नव्हतं. तरीही वाटायचं.

मग ती दक्षिण लंडनची मॅच झाली. त्यांच्याच मैदानावर. आमची टीम सपाटून हरली. परत आल्यावर कुश आणि विहान किटच्या बॅगा ठेवायला कंटेनरमध्ये आले. दोघं एकटे असले की मराठीत बोलायचे.

विहानने बॅग आदळली. "तू मधे का नव्हतास? त्यांचा तो जाड्या सरळ मधून पळत गेला! प्रत्येक वेळी!"

"सगळे बाहेर धावत होते, मी पण धावलो!" कुश म्हणाला. "मला वाटलं बॉल बाहेर गेली."

"बॉल गेला."

"गेला, गेली, व्हॉटेव्हर! तू माझा ग्रामर नको चेक करू. तुला कडेला उभं राहून हिरो बनायला सोपं आहे."

"सोपं? चल, उद्या तू उभा राहा कडेला. किती वेळात धाप लागते बघू."

 विहान निघून गेला. कुशने रागाने मला एक लाथ मारली आणि तोही गेला. मला लागलं नाही. खरं सांगतो, मला गुदगुल्या झाल्या. रिंगेच्या मागे धावून धावून सगळ्यांना पळत्याच्या मागे जायची सवय लागली होती आणि मध्यभाग मोकळा पडला होता. हे हेलनच्या कधी लक्षात येतं याची मी वाट बघू लागलो.

पुढच्याच ट्रेनिंगला कंटेनरचं दार करकरत उघडलं. हेलननी मला स्वतः ओढत नेलं आणि मैदानाच्या मध्यभागी उभं केलं.

दक्षिण लंडनशी पुन्हा गाठ पडणार होती. त्यांची चाल समजावून सांगतो. त्यांचा म्होरक्या चेंडू घेऊन पळायला लागतो तेव्हा त्याच्यासमोर तीन वाटा असतात. शेजारून मधे घुसणाऱ्या दांडगट गड्याच्या पोटाशी चेंडू द्यायचा, स्वतःजवळ ठेवायचा किंवा अगदी शेवटी कडेने पळणाऱ्या तिसऱ्याकडे भिरकवायचा. यातली कुठली वाट धरायची, हे तो आधी ठरवतच नाही. तुम्ही कोणावर झेपावता ते बघतो आणि ज्याला तुम्ही मोकळा सोडलात त्याला चेंडू देतो. त्यातून त्यांचा वेग असा, की पहिली चाल संपून तुम्ही उठता न उठता तोच दुसरी सुरू.

"चेंडूकडे बघायचंच नाही," हेलन म्हणाल्या. "प्रत्येकाला एक माणूस वाटून देते. त्याच्याकडे चेंडू असो वा नसो, तो तुमचा. विहान, कडेचा तुझा. कुश, मधला तुझा." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर थाप मारली. मधला म्हणजे मी.

"म्हणजे ज्याच्याकडे बॉलच नाही, त्याला मी पाडत बसायचं?" कुशने इंग्रजीत विचारलं.

"हो. दर वेळी."

त्याचा चेहरा पडला. माझा मात्र ऊर भरून आला. रिंग बाजूला पडली होती आणि मी पुन्हा मैदानाच्या मध्यभागी होतो.

अडचण एकच होती. इतक्या वेगात कोणी कोणाला धरायचं ते ओरडून सांगायचं, तर समोरच्यांनाही इंग्रजी कळतं. तेव्हा विहान म्हणाला, "मराठीत ओरडू या." मधून घुसणारा तो पोटोबा, म्होरक्या तो राजा आणि कडेचा ते शेपूट. आठवड्याभरात वेल्स, घाना आणि पोलंडकडची मुलं 'पोटोबा!' 'शेपूट!' अशी बोंबलायला लागली. हेलनना 'शेपूट' काही केल्या म्हणता यायचं नाही. त्यांचं 'शेपू' व्हायचं आणि कुश आणि विहान पोट धरून हसायचे. त्या दोघांना मी पहिल्यांदा एकत्र हसताना पाहिलं.

मार्चमध्ये तीच टीम आमच्या मैदानावर आली. हरणाऱ्याचं वर्ष तिथेच संपणार होतं आणि कुशचं तर युनिव्हर्सिटीतलं शेवटचं वर्ष होतं. सरावासाठी आणलेला मी आणि रिंग, दोघंही रेषेबाहेर उभे होतो. कुशचे बाबा, अनिश, बेसिंगस्टोकहून गाडी चालवत आले होते. आयटीतले गृहस्थ, ऑफिसचा लांब कोट, हातात चहाचा थर्मास. त्यांना हा खेळ अजिबात कळत नसे. ते माझ्या शेजारीच उभे राहिले.

सुरुवात चांगली झाली. कुश पोटोबाला पाडत होता, विहान शेपटाला. पण टाळ्या विहानलाच मिळत होत्या. "शाब्बास विहान!" कुशचे बाबाही ओरडले. कुशने ते ऐकलं. तो हेल्मेटच्या आतून कडेकडे बघत राहिला आणि मला त्याच्या मनातलं सगळं कळलं. फटीतून रिंगेकडे बघताना मी असाच दिसत असणार.

पुढच्या चालीला म्होरक्या कडेकडे वळला आणि कुश आपली जागा सोडून चेंडूमागे धावला. चेंडू तिथे नव्हताच. तो पोटोबाच्या पोटाशी होता आणि पोटोबा मोकळ्या मैदानातून एकटाच पळत शेवटच्या रेषेपार गेला. आम्ही मागे पडलो.

मध्यंतरात हेलन कुशजवळ आल्या. मला वाटलं आता झाडणार. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुझा कोण?"

"पोटोबा," कुश पुटपुटला.

"मग तो एकटा का गेला?"

कुश हेल्मेट काढून खाली बसला. विहान पाण्याची बाटली घेऊन आला आणि त्याच्या शेजारी गवतावर बसला.

"ऐक ना," तो मराठीत म्हणाला. "तू मधला बंद केलास तरच त्याला माझ्याकडे यावं लागतं. तू मधे नसशील तर मी कडेला उभा राहून काय करू? थंडी खाऊ?"

"टाळ्या तुलाच मिळणार."

"मिळू देत ना. हरलो तर दोघांनाही नाही मिळणार."

कुशने बाटली घेतली.

दुसऱ्या अर्ध्यात त्याने जागा सोडली नाही. पंचाने चेंडू जमिनीवर ठेवायचा, समोरच्यांनी लगेच चाल सुरू करायची आणि कुशचा आवाज यायचा, "पोटोबा माझा! पोटोबा माझा!" दहापैकी नऊ वेळा पोटोबाकडे चेंडू नसायचा. कुश तरीही त्याला कवेत घेऊन आपटायचा. पोटोबा वैतागून म्हणाला, "अरे, माझ्याकडे नाहीये चेंडू!" कुश उठून पुन्हा आपल्या जागी.

हळूहळू आम्ही वर आलो आणि थोडक्यात पुढे गेलो. शेवटची चाल राहिली तेव्हा ते आमच्या रेषेपासून चार पावलांवर होते. म्होरक्या निघाला, पोटोबा मधे घुसला आणि कुशने त्याला जिथल्या तिथे जमीनदोस्त केलं. मधली वाट बंद. राजासमोर घानाचा मुलगा. नाइलाजाने राजाने चेंडू कडेला भिरकावला आणि तिथे विहान तयार होता. त्याने शेपटाला उचलून मैदानाबाहेर टाकलं.

आम्ही जिंकलो. सगळी टीम धावत विहानवर जाऊन पडली. कॅमेरे तिकडे वळले. मैदानाच्या मधोमध कुश रिकाम्या हातांच्या माणसाला घट्ट धरून तसाच पडला होता.

"विहान काय खेळला रे!" कुश आमच्यापाशी आल्यावर बाबा म्हणाले. मग जरा चाचरत, "तू... तू कुठे होतास? मला दिसलाच नाहीस."

 कुशने मला उचललं आणि त्यांच्यासमोर उभं केलं. "बाबा, हा मधला माणूस. ह्याला तुम्ही पाडा. तोपर्यंत मी ही पाण्याची बाटली, म्हणजे बॉल, घेऊन तिकडे पळतो. पण तुम्ही माझ्याकडे नाही बघायचं. फक्त ह्याच्याकडे."

"अरे, माझा कोट..."

"बाबा, प्लीज."

अनिशनी थर्मास खाली ठेवला, चष्मा वर सरकवला आणि ते धावत आले. अर्ध्या वाटेत त्यांची मान बाटलीकडे वळली. माझी एक कडाच त्यांच्या हाती लागली आणि ते चिखलात सपशेल आडवे झाले. कुश घाबरून धावला. बाबा उठून बसले, कोटाकडे बघून म्हणाले, "थांब. परत."

दुसऱ्या खेपेला त्यांनी बाटलीकडे पाहिलं नाही. मला कवेत घेतलं आणि आम्ही दोघं धाडकन पडलो. माझी बाजूची शिवण उसवली. ते माझ्यावर पडल्या पडल्याच धापा टाकत म्हणाले, "म्हणजे तू दिवसभर हे करत होतास? चेंडूकडे न बघता?"

"हो."

"फार अवघड आहे रे."

कुशने त्यांना हात देऊन उठवलं. बाबांनी तो हात सोडला नाही. चिखलाने माखलेले दोघं तसेच गाडीकडे गेले. मी आडवा पडून बघत राहिलो. त्या हातातल्या हाताचाही मला हेवा वाटला, मित्रांनो, आता लपवून काय करू!

कुशला आता क्रॉयडनला नोकरी लागली आहे. माझी शिवण कोणी घातली नाही. मुलं अजूनही मला मधे उभं करतात, कारण मधल्या माणसावाचून तो सराव होत नाही. पण ट्रेनिंग संपलं की रिंगेला ताडपत्रीत गुंडाळून आत नेतात आणि मी बऱ्याचदा बाहेर राहतो. उसवलेल्या जागेतून पाणी आत शिरतं. फोम एकदा भिजला की आठवडाभर वाळत नाही, मग त्याला वास येतो आणि तो आतून कुजतो.

म्हणून एवढंच मागतो. मॅच बघायला गेलात तर एखादी चाल चेंडू सोडून बघा. आणि घरी जाण्याआधी मैदानावर एक नजर टाका. कोणी बाहेर राहिलं असेल, तर त्याला आत घ्या.