तेरा नंबरची घंटी

छप्पन्नच्या जानेवारीत गिरगावातल्या एका खासगी प्रसूतिगृहाच्या वरच्या मजल्यावर पाच नव्या खोल्या तयार झाल्या. त्यांच्या घंट्यांचं काम जयवंतकडे होतं. जयवंत लालबागचा वायरमन, तिथलं विजेचं काम नेहमी बघणारा, कामाला चोख म्हणून ओळखला जाणारा. खाली नर्सच्या खोलीत भिंतीवर नंबरांची पेटी होती. वर कोणी खाटेजवळचं बटण दाबलं की घंटी वाजायची आणि पेटीत त्या खोलीचा नंबर पडायचा. जयवंतने जिन्याच्या तोंडाशी एक छोटी जोडपेटी बसवली. मोठ्या पेटीकडून तिथवर तारा आणायच्या आणि प्रत्येक खोलीला एकेक वाटून द्यायची, असं काम. खोल्या नऊपासून तेरापर्यंत पाच. तारा मात्र चारच पुरल्या.

शहरात हरताळ होता. लोहार चाळीतलं विजेच्या सामानाचं एकही दुकान उघडं नव्हतं. डॉक्टरांना खोल्या सोमवारी हव्या होत्या आणि जयवंत त्यांना ‘होऊन जाईल’ असं सांगून बसला होता. शेवटी त्याने तेराची तार नऊच्या तारेलाच जोडली. आता दोन्ही खोल्यांमधून नऊच पडणार होता. तशी सोय चालण्यासारखी होती, फक्त नऊ पडला की दोन्ही खोल्या बघायच्या, एवढं नर्सना सांगायला हवं होतं. पण काम अपुरं राहिलं हे कबूल करणं त्याच्या जिवावर आलं. दुकानं उघडली की नवी तार ओढू, कोणाला कळणारही नाही, असं ठरवून त्याने कागदावर पाच खोल्या, पाच नंबर असं लिहून दिलं.

पुढच्या गुरुवारी दुपारी कांता साळवी ही नर्स खाली एकटीच होती. तेरामध्ये बकुळा होती, परळच्या एका गिरणी कामगाराची बायको, सकाळीच बाळंत झालेली. तिला रक्तस्राव सुरू झाला. तिने बटण दाबलं. खाली नऊ पडला. कांता वर गेली, तर नऊमधली बाई म्हणाली, मी नाही बोलावलं. ती खाली येते तोच पुन्हा नऊ. पुन्हा वर. तिसऱ्या खेपेला कांताने त्या बाईला दोन शब्द सुनावले. चौथ्यांदा घंटी वाजली तेव्हा ती उठलीच नाही.

पाऊण तासाने आया तेरामध्ये गेली तेव्हा गादी भिजली होती. बकुळाचा जीव वाचला, पण गर्भाशय काढावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंतला आयेकडून हे समजलं. दुकानं उघडल्यावर घेतलेली नवी तार त्याच्या पिशवीतच पडून होती. घंट्या पुसायच्या आहेत असं सांगून तो वर गेला आणि अर्ध्या तासात त्याने खालच्या पेटीपर्यंत नवी तार ओढून तेराची जोडणी नऊपासून वेगळी केली.

अकरा वाजता डॉक्टरांनी चौकशी केली. कांता एकच सांगत राहिली, की तेरा पडलाच नाही, नऊ पडला. डॉक्टरांनी आयेला वर पाठवून तेराचं बटण दाबायला लावलं. सगळ्यांच्या देखत पेटीत तेरा पडला. कांता त्या नंबराकडे बघत राहिली. जयवंत हातात स्टूल घेऊन दाराशी उभा होता. त्याला बोलता आलं असतं. तो बोलला नाही. कांताला त्याच दिवशी काढून टाकलं.

त्यानंतर त्याला जेवण गोड लागेना. वस्तीत कोणी कामाची तारीफ केली की तो उठून जायचा. सतराव्या दिवशी तो पत्ता काढून दादरला कांताच्या घरी गेला आणि दारात उभ्यानेच सगळं सांगून टाकलं.

कांता म्हणाली, “मी डोळे तपासून आले. डोळे चांगले आहेत म्हणाले. म्हणून मला वाटायला लागलं, डोक्यातच काही बिघडलंय.”

जयवंतने माफी मागायला तोंड उघडलं. तिने हाताने थांबवलं.

“मला नको. तिथे जाऊन सांगा.”

तो तिथून थेट गिरगावला गेला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, त्याच्याकडून लिहून घेतलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. कांताला त्यांनी परत बोलावलं, पण ती गेली नाही. बकुळाला हे कोणी सांगायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा जयवंत म्हणाला, मीच जातो.

बकुळा परळच्या चाळीत भिंतीला टेकून बसली होती, मूल मांडीवर. नवरा कामावर होता, सासू दाराशी तांदूळ निवडत होती. जयवंतने घंटी, तार, नंबर सगळं जमेल तसं सोपं करून सांगितलं. सासूचे हात थांबले. आता या दोघी आपल्याला शिव्या देतील असं त्याला वाटलं, आणि त्यांनी त्या द्याव्यात असंही वाटलं.

बकुळाने विचारलं, “म्हणजे मी दाबत होते तेव्हा खाली वाजत होतं?”

“वाजत होतं, ताई. दर वेळी.”

“मला वाटलं, मलाच दाबता येत नाहीये,” ती म्हणाली. “घरी असलं काही नाही ना आमच्याकडे. घरच्यांनाही मी तेच सांगितलं, की माझीच चूक झाली.”